लातूरचं जांभळं मैदान

पुण्याहून लातूरला जायचं असेल तर शहाणा माणूस सोलापूरच्या बाजूनं जातो. मी नांदेडमार्गे गेलो. माझ्या खिशात एक पत्र होतं आणि त्यात शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "येताना कृपया नांदेडहून एक खांब घेऊन यावा."

हे नीट सांगायला हवं. मी पोटासाठी विम्याच्या कचेरीत कारकुनी करतो, पण ओळख विचाराल तर मी खो-खोचा पंच. निवड स्पर्धा असली की राज्य संघटना मला शिट्टी, नियमांचं पुस्तक आणि एक छापील फॉर्म देऊन पाठवते. त्या वर्षी लातूर जिल्हा नवाच झाला होता. जिल्हा वेगळा झाला की कचेऱ्या वेगळ्या होतात, कपाटं वेगळी होतात, आणि खो-खोची संघटनासुद्धा वेगळी होते. जुन्या जिल्ह्यानं सामानाची वाटणी अगदी न्यायानं केली. दोऱ्या चार होत्या, दोन दिल्या. घड्याळं दोन होती, एक दिलं. खांब दोन होते, एक दिला. आता खो-खोच्या मैदानाला दोन टोकांना दोन खांब लागतात, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं. पण वाटणी करणारी मंडळी समाधानी होती. निम्मं म्हणजे निम्मं.

पत्र होतं महानंदाबाईंचं. लातूरच्या एका मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका, आणि नव्या जिल्हा संघटनेच्या सचिव. म्हणजे संघटनेतलं खरं काम करणारं एकुलतं एक माणूस. नियम असा, की नव्या जिल्ह्यानं आमच्या माणसासमोर तालुक्यांची निवड स्पर्धा घ्यायची, मैदान नियमाप्रमाणे आहे हे त्या माणसानं फॉर्मवर लिहून द्यायचं, तरच त्या जिल्ह्याच्या मुली राज्य स्पर्धेला जाणार. मुदत त्याच आठवड्याची. जुन्या जिल्ह्यानं मुलींना आधीच कळवलं होतं, तुम्ही आता आमच्या नाहीत. म्हणजे फॉर्म भरला नाही तर त्या पोरी ना इकडच्या ना तिकडच्या, घरी.

असा मी परीक्षक, आणि खांबाचा हमालही.

पूर्वी आम्ही दोघं जायचो, विनायक आणि मी. खो-खोत मधल्या पट्टीच्या दोन अंगांना दोन पंच समोरासमोर उभे राहतात. वीस वर्षं मी समोर बघितलं की विनायक दिसायचा, टोपी मागं सरकवलेला. गेल्या दिवाळीच्या आधी तो वारला. मनमाडला गाडी बदलून मी नांदेडच्या छोट्या रुळांवरच्या गाडीत बसलो तेव्हा समोरच्या बाकावर पिशवी ठेवली होती. एका बाईनं विचारलं, "इथं कुणी बसलंय का?" मी आधी दाराकडं बघितलं. मग मी पिशवी उचलली.

नांदेडला सकाळी पोचलो. गोदावरी बघायला गेलो तर गोदावरी घरी नव्हती. घाटाच्या पायऱ्या खाली खाली उतरत होत्या आणि शेवटच्या पायरीनंतर नुसते दगड. मधोमध एका डबक्याभोवती घागरींची रांग. पावसानं सलग पाठ फिरवली होती, आणि नांदेड-लातूरकडं त्या दिवसांत बोलणं कुठूनही निघालं तरी पाण्यावर येऊन थांबायचं.

ज्या शाळेत खांब होते तिचं मैदान नदीच्या अंगालाच होतं. मैदानावर एक म्हातारा खांबाला पाठ टेकून बसला होता. हे उस्मानचाचा, शाळेचे निवृत्त शिपाई. पगार थांबला होता, येणं थांबलं नव्हतं.

"आप पूनेवाले पंच?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

"हो. खांब न्यायला आलोय."

"बाई का खत आया था. वो परला खंबा निकाल के रख्खा है. ले जाव."

"परत कधी आणून देऊ?"

"वापस काय को? यहाँ कौन खेलता अब? पोट्टे (पोरं) सारे पानी की लाइन में."

मला मोह झाला. "चाचा, मग दोन्ही द्या की. जोडी होईल."

चाचांनी मान हलवली आणि पाठीमागच्या खांबावर हात ठेवला. "ये नक्को ले जाव मियाँ. इसको टेक के बैठता मैं."

जुन्या जिल्ह्याच्या वाटणीत नसलेली अक्कल या वाटणीत होती. मी एक खांब खांद्यावर घेतला आणि स्टँडकडं निघालो.

खांब माझ्या खांद्याइतका उंच, गुळगुळीत, गोल. तो घेऊन एसटीत चढणं हा स्वतंत्र खेळ आहे आणि त्याचे नियम अजून कुणी लिहिलेले नाहीत. कंडक्टरनं दारातच अडवलं.

"काका, हे काय? मुसळ हाय का?"

"खांब आहे. खो-खोचा."

"तिकीट लागंल त्याला."

"अर्धं लावा. वय लहान आहे त्याचं."

कंडक्टर हसला आणि आम्हा दोघांना आत घेतलं. खांब मधल्या वाटेत आडवा झाला. लोहा गाव येईपर्यंत त्याच्यावर चार जणांनी पाय ठेवले, एका आजीनं पानाची पिशवी ठेवली आणि एका कोंबडीनं थोडा वेळ मुक्काम केला. शेजारच्या पागोटेवाल्या गृहस्थानं विचारलं, "कुठं रोवायचा हा?"

"लातूरला."

"लातूरला काय कमी हायेत का खांब? जिल्हा झाल्यापसून रोज एक रोवून राहिलेत. दिवा मात्र एकाला बी लागंना."

सगळी गाडी हसली. मीही हसलो, आणि सवयीनं डावीकडं वळून बघितलं की विनायक हसतोय का. डावीकडं खिडकी होती. खिडकीबाहेर उघडी काळी रानं, ज्वारीची धसकटं, आणि कुठं कुठं रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा. दुष्काळी काम चालू होतं. हातोड्यांचा आवाज गाडीच्या आवाजातही ऐकू यायचा.

लोह्याला गाडी थांबली. हॉटेलात पोऱ्यानं पाठ म्हणून दाखवलं, "भजी हाय, शेव हाय, च्या हाय. सुशीला न्हाई."

मी दचकलो. मी आयुष्यभर एकटा राहिलेला माणूस. सुशीला नाही ही बातमी मला कुणी इतक्या उघडपणे सांगितली नव्हती. मग कळलं की सुशीला म्हणजे मुरमुरे भिजवून कांदा-मिरची-दाण्याचं कूट घालून परतलेला पदार्थ.

"का नाही?"

"भिजवायला पाणी कुठंय?"

मी भजी खाल्ली. चहा मिळाला, पाणी मागितलं तेव्हा गल्ल्यावरच्या अप्पांनी कपाळावरचं भस्म जरा सारखं केलं आणि म्हणाले, "अजून एक च्या घ्या सायेब. तो हाय." दुधाला तोटा नव्हता म्हणे, म्हशी विकायच्या आधी लोक त्यांना शेवटचं पिळून घेत होते. हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की पुढचा घोट मला गोड लागला नाही.

अहमदपूर मागं टाकून दुपारी लातूर आलं. गंजगोलाई या गोल बाजाराभोवती मी खांब घेऊन एक पूर्ण फेरी मारली, कारण सगळेच रस्ते शाळेकडं जातात असं प्रत्येकानं सांगितलं. महानंदाबाई शाळेच्या फाटकातच उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, काटक, कपाळावर विभूतीचं बोट, गळ्यात चांदीची लिंगाची डबी आणि तिच्याच शेजारी शिट्टी. त्यांनी मला नमस्कार करायच्या आधी खांबावरून हात फिरवला.

"आला एकदाचा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "तुम्ही बी या, सर."

मैदान बघितलं आणि माझी सगळी गंमत ओसरली. काळी जमीन. भेगा इतक्या रुंद की माझा तळहात आत गेला, मनगटापर्यंत गेला, आणि खाली अजून जागा होती. खो-खोत मुली चौकात बसतात, उठतात, वाकतात, खांबाशी सूर मारतात. अशा जमिनीवर गुडघे सोलून निघतील हे तर झालंच, पण पळता पळता भेगेत पाय गेला तर घोटा गेला. म्हणून मैदानावर आधी पाणी मारतात, माती बसते, मग ती दाबतात. फॉर्ममधला चौथा प्रश्न तोच होता. मैदान पाणी मारून व दाबून तयार केले आहे काय? होय / नाही.

"टँकर?" मी विचारलं.

"चौथ्या दिवशी येतो, प्यायला. तो मागायला जीभ रेटत न्हाई. मागू बी नये."

मी इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "बाई, मी 'होय' लिहून टाकतो. पुण्याहून कोण येतंय भेगा मोजायला?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी गृहपाठ न करता आलेला चौथीतला मुलगा झालो. "जुन्या जिल्ह्याचा माणूस उद्या बघायला येऊन राहिला. त्यानं हरकत घेतली की पोरी माघारी. आन् तो नसता आला तरी, सर, पोरीचा पाय मोडला तर तुमच्या 'होय'नं जोडून येतो का?"

मी फॉर्म परत पिशवीत घातला.

शाळेमागंच त्यांची खोली होती. तिथं त्यांनी मला भाकरी आणि येसर वाढलं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ; ते उकळत्या पाण्यात सोडलं की झणझणीत आमटी. खोलीत एक ताट, एक वाटी, एक पेला. ते तिन्ही मला दिले आणि त्या स्वतः पातेल्यात जेवल्या. माझ्याही घरी ताट एकच आहे.

जेवताना विचारलं, "एवढा हट्ट का, बाई? पुढच्या वर्षी पाऊस होईल. पुढच्या वर्षी घ्या."

"मी सतरा वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "आमची शाळा तेव्हा हैदराबाद राज्यात. हैदराबादला खेळायला जाणार होतो. नावं लागलेली. आईनं पेटी भरली होती. तेवढ्यात राज्यच मोडलं, आमी मुंबई राज्यात आलो. हैदराबादवाले म्हणाले, तुम्ही आता आमच्या न्हाईत. मुंबईला लिहिलं, तर तिकडून आलं की यादीत तुमची नावं न्हाईत, पुढच्या वर्षी बघू."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी माझं लगीन झालं."

"आणि मग?"

"मग काय? तीन वर्षांनी परत आले. शिकले. मास्तरीण झाले." त्यांनी पातेलं पुसून घेतलं. "येसर घ्या अजून."

मी घेतलं.

बाईंनी काय योजना केली होती ते मला संध्याकाळी कळलं. दोन दिवस त्या गल्लोगल्ली फिरून सांगत होत्या, की स्पर्धेच्या दिवशी मांडवात सावलीला बसून खेळ बघायचा असेल तर आदल्या संध्याकाळी प्रत्येकानं एक तांब्या पाणी मैदानावर आणून ओता. पिण्याचं नको, वापरलेलं आणा. तांब्या ओतणाऱ्याच्या मनगटावर शाळेचा शिक्का. शिक्का असेल त्याला मांडवात जागा. मी पुण्या-मुंबईच्या मोठ्या स्पर्धांची व्यवस्था बघितली आहे, कनाती, पास, पाहुण्यांच्या खुर्च्या. असा प्रवेश कुठं बघितला नव्हता.

पण एक गोष्ट मला तिथंच समजली. लातूरला त्या वर्षी वापरलेलं पाणी असं काही नव्हतंच. अंघोळीचं पाणी कपड्यांना जायचं, कपड्यांचं फरशीला, फरशीचं परसातल्या लिंबाच्या रोपाला. बाई लोकांकडं पाण्याचा चौथा जन्म मागत होत्या.

पाच वाजता फाटकाशी टेबल मांडलं. त्यावर शाईचा पॅड आणि शिक्का. बाई उभ्या, मी खुर्चीत. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. फाटकातून फक्त वारा आत येत होता आणि धूळ घेऊन बाहेर जात होता. बाईंनी शिक्का उचलला, स्वतःच्या वहीवर उठवून बघितला, परत ठेवला. शिट्टी मुठीत धरली. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

मग एक म्हातारबा आले. हातात काठी, तांब्या नाही.

"माणसाला पाणी न्हाई आन् तुमी भुईला पाजून राहिले?" त्यांनी काठी आपटली.

"हाव अण्णा," बाई म्हणाल्या.

"कामून (का)?"

"पोरी पडतेत."

"मग खेळूच नका ना!"

बाईंनी शाईचा पॅड सरळ केला. अण्णा खूप वेळ उत्तराची वाट बघत उभे राहिले, ते मिळालं नाही म्हणून आणखी चिडले आणि गेले. मला वाटलं, संपलं. फॉर्मवरचा 'नाही' हा शब्द मला पिशवीतून ऐकू यायला लागला.

त्यानंतर एक आजी आल्या, पदराखाली काहीतरी झाकून, चोरून आणल्यासारखं. पदर बाजूला केला तर तांब्या.

"नातवाच्या अंघोळीचं हाय गं बाई. साबनाचं हाय. चालंल का?"

"चालंल, अक्का," म्हणत बाई टेबलामागून पुढं आल्या.

आजींनी तांब्या एका भेगेत ओतला. आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. भेगेनं घोट घेतला आणि काहीच झालं नाही, जणू कुणी काही दिलंच नव्हतं. आजींनी मनगट पुढं केलं. "शिक्का दे. जागा म्होरं दे, मला लांबचं दिसत न्हाई."

शिक्का उमटला तेव्हा मी वाचला. शाळेत वहीवर मारायचा तो. 'तपासले'.

आजी तपासून गेल्या आणि गल्लीत काय बोलल्या देव जाणे. पंधरा मिनिटांत बाया यायला लागल्या. भांड्यांचं पाणी, तांदूळ धुतल्याचं, पोरांचे पाय धुतल्याचं. हॉटेलवाल्यानं बादली आणली, तीत चहाची पत्ती. न्हाव्यानं आणली, तीत अर्ध्या लातूरची दाढी. एक शेळी मधेच घुसून एका बाईचा तांब्या पिऊन गेली आणि त्या बाईनं शिक्क्यासाठी असं भांडण केलं, की महानंदाबाईंनी दोघींच्याही, म्हणजे तिच्या मनगटावर आणि शेळीच्या कानावर, शिक्का मारला. एका कोपऱ्यात साबणाचा फेस आला, त्यात मुलं नाचली. बाई शिक्के मारत होत्या, मी बादल्या धरत होतो आणि मैदान पीत होतं.

पीतच होतं. साडेसहा वाजले, रांग संपली, आणि निम्मं मैदान अजून कोरडंच. निम्म्याला 'होय' म्हणून चालत नाही. वाटणीचं निम्मं इथंही आमच्या मागं आलं होतं.

तेवढ्यात फाटकातून एक हातगाडी आली. वर दोन मोठे पिंप. गाडी ओढत होते रहीमभाई, गोलाईमागचे रंगारी.

"बाई, लुगडे रंगाने का पानी है. कल से किसी काम का नहीं, गटार में छोडने वाला था," ते म्हणाले आणि झाकण उघडलं. आत दौतीत असावं तसं गडद जांभळं पाणी. "पर पहलेच बोल देता हूँ, रंग उतरता नहीं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. रहीमभाईंनी बघितलं. जमलेल्या सगळ्यांनी बघितलं. अशा वेळी माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी नियमांचं पुस्तक काढलं, बोट ओलं केलं, पानं उलटली, घसा साफ केला आणि दरबारात फर्मान वाचावं तसं जाहीर केलं, "नियमात पाणी लिहिलेलं आहे. पाण्याचा रंग लिहिलेला नाही!"

दोन्ही पिंप आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सहा तालुक्यांच्या मुलींनी दुष्काळी कामावरचा दगडी रूळ ओढून मैदान दाबलं. कोण कुठल्या संघाची ते कळत नव्हतं. त्यांतल्या तीन-चार जणींचे तळवे खडी फोडून दगडासारखे झालेले. त्यांनी रूळ असा ओढला, की बाकीच्या नुसत्या मागं पळत होत्या. सकाळच्या उन्हात मैदान दिसलं तेव्हा मी हसायचं विसरलो. एवढ्या करड्या मुलखात तेवढंच एक जांभळं होतं.

जुन्या जिल्ह्याचे गृहस्थ आठ वाजता आले. इस्त्रीचा शर्ट, पेनाचं टोपण उघडंच. "मैदान जांभळं आहे," ते म्हणाले.

"ओलं आहे का?" मी विचारलं.

त्यांनी वाकून अंगठा दाबला. अंगठा जांभळा झाला. ते अंगठ्याकडं बघत राहिले, रुमालाला पुसला, रुमाल जांभळा झाला. "ओलं आहे," ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावलं.

नांदेडचा खांब आणि जुन्या जिल्ह्याचा खांब आमनेसामने रोवले आणि खेळ सुरू झाला. माझ्या पंचगिरीत इतका सोपा दिवस मी पाहिला नाही. खो-खोतलं सगळं भांडण एकाच गोष्टीवर असतं, लागलं की नाही लागलं. इथं बसता उठता प्रत्येकीचे तळवे जांभळे. अहमदपूरची एक उंच पोरगी बाद दिल्यावर माझ्यावर धावून आली.

"न्हाई लागलं, सर! आईच्यान न्हाई लागलं!"

असं म्हणून ती तणतणत मांडवाकडं वळली आणि सगळ्या मांडवाला तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाच बोटांचा जांभळा पंजा दिसला. आजी पुढच्या रांगेतून ओरडल्या, "अगं माय, पाठीवर बग की, सहीशिक्का हाय!"

पोरगी स्वतःच खाली बसून हसायला लागली. मी हसत समोर बघितलं, पट्टीपलीकडच्या पंचाला सांगायला, विन्या, बघितलंस का? समोर निलंग्याचे एक तरुण मास्तर उभे होते, अगदी सावधान. एक क्षण माझी शिट्टी राहून गेली. मग मी वाजवली.

काठीवाले अण्णाही आले होते. शिक्का नव्हता म्हणून मांडवाबाहेर उन्हात उभे. बाईंनी आत बसा म्हणून निरोप धाडला तर म्हणाले, "मी पाणी ओतलं न्हाई, मी आत येणार न्हाई." दिवसभर ते तसेच उभे राहिले, आणि दिवसभर सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडत होते, "अगं पळ! पळ की लेकी!"

एकही घोटा मोडला नाही. ऊन कलताना बारा मुली निवडल्या. मी फॉर्म मांडीवर घेतला आणि चौथ्या प्रश्नापुढं 'होय' लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. बाई म्हणाल्या, "नावं मोठ्यानं वाचा, सर. त्यांना ऐकू द्या."

मी एकेक नाव वाचलं. मुली आपलं नाव आल्यावर उगाच सदरा नाहीतर वेणी सारखी करायच्या. बारा नावं झाली. खाली एक ओळ उरली होती, 'संघासोबत जाणारे'.

"इथं कुणाचं लिहू?"

मुलीच ओरडल्या, "बाईंचं! बाईंचं!"

"लिहा," बाई म्हणाल्या. मी लिहीत असताना त्या माझ्या खांद्यामागून वाकून बघत होत्या. पूर्ण नाव लिहून झालं तरी त्यांनी मला कागदाची घडी घालू दिली नाही. शाई वाळेपर्यंत थांबा म्हणाल्या.

सकाळच्या गाडीला त्या स्टँडावर आल्या नाहीत, शाळा होती. परतीला खांब नव्हता, म्हणून शहाण्या माणसासारखा सोलापूरच्या बाजूनं आलो. हात रिकामे होते आणि शेजारची जागाही. वाटेत वाटलं, जिल्हा नवा होतो तेव्हा नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती किती बारीक वाटत असेल. तिच्यावर पाय देऊन उभ्या असलेल्या पोरीला मात्र ती भेगेएवढी असते.

पुण्यात दुसऱ्याच दिवशी फॉर्म घेऊन संघटनेच्या कार्यालयात गेलो. कारकुनांनी राज्य स्पर्धेचं जाडं रजिस्टर काढलं, जिल्ह्यांच्या छापील यादीवरून बोट खाली नेलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं.

"लातूर नाही हो यात. हे जुनं छापलेलं आहे. नवं रजिस्टर येऊ दे, मग घेऊ."

"कधी येईल?"

"ही स्पर्धा झाल्यावर. आता त्याला काय करणार?"

हे त्यांनी अगदी सौजन्यानं सांगितलं. पंखा फिरत होता. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हैदराबादच्या आणि मुंबईच्या त्या माणसांच्याही मनात काही वाईट नसणार. मी नाटकी माणूस आहे. एरवी मी तिथं मोठा प्रवेश केला असता. त्या वेळी मी खुर्ची ओढली, पट्टी मागितली, रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. रत्नागिरी आणि वर्धा यांच्या मधल्या जागेत, जिथं बोटही मावत नव्हतं, एक रेघ ओढली आणि मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, लातूर. मग समोर तेरा नावं.

"अहो, खाडाखोड होतेय!"

"काही खोडलेलं नाही. भर घातली आहे."

कारकून उठले, माझ्या बाजूला आले, चष्मा वर करून बघितलं. मला वाटलं आता रजिस्टर ओढून घेतात. त्यांनी खणातून टिपकागद काढला आणि नावांवर अलगद दाबला. "पसरेल नाहीतर," ते म्हणाले.

बाहेर पडलो तेव्हा दुपार होती. हे सगळं, शेळीचा कान, पाठीवरचा पंजा, उन्हातले अण्णा, एका दमात कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. कोपऱ्यावरच्या पोस्टात गेलो, एक कार्ड घेतलं आणि लातूरच्या पत्त्यावर लिहिलं, "नावं लागली. तेराही." आणखी बरंच लिहायचं होतं, जागाही होती. लिहिलं नाही. कार्ड पेटीत टाकलं आणि पेटीशेजारीच थोडा वेळ उभा राहिलो. घरी जायची तशी काही घाई नव्हती.